नाक्यावरचं गाणं: सुरुवातीच्या डू-वॉप ग्रुपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डू-वॉपची गाणी कुणाला ऐकवली की पहिल्यांदा चेहऱ्यावर हसू येतं आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न आणि त्यांची जमतील तेवढी नीट उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर १९४६ ते १९५८ या काळावर आहे, कारण गल्लीतली पोरं गल्लीतच गात होती तो काळ हा.

डू-वॉप म्हणजे नेमकं काय?

चार-पाच जणांनी मिळून गायलेलं गाणं. एकजण शब्द गातो. बाकीचे त्याच्या मागे ‘डू’, ‘वा’, ‘शूबी’ असली अक्षरं वेगवेगळ्या सुरांत धरून ठेवतात, आणि सगळ्यांच्या खाली एक खर्जातला आवाज ताल सांभाळत गाणं पुढे नेतो. वाद्यं असली तर जुजबी, नसली तरी काही अडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये हे गाणं तयार झालं. गाणारे बहुतेक जण शाळकरी किंवा नुकती शाळा सोडलेले होते.

हे नाव कुठून आलं?

साथीत गायच्या अक्षरांतूनच. फिलाडेल्फियाच्या टर्बन्स या ग्रुपच्या १९५५ च्या ‘व्हेन यू डान्स’ या गाण्यात मागचे आवाज ‘डू-वॉप’ असं स्पष्ट म्हणतात. पण त्या काळी या संगीताला कुणी डू-वॉप म्हणत नसे. गाणारे त्याला ‘हार्मनी’ म्हणायचे, दुकानदार ‘रिदम अँड ब्लूज’च्या, म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या, खणात ठेवायचे, आणि १९५४-५५ नंतर ‘रॉक अँड रोल’ हा शब्द सगळ्यावरच चिकटला. डू-वॉप हे नाव छापील स्वरूपात १९६१ च्या सुमारास दिसतं आणि १९७० च्या आसपास जुनी गाणी लावणाऱ्या रेडिओ निवेदकांमुळे रुळतं. म्हणजे बारसं झालं तेव्हा मूल मोठं होऊन घराबाहेर पडलं होतं. काही जुन्या गायकांना हा शब्द आवडत नसे. आपण जीव ओतून गायलो आणि लोकांनी नाव ठेवलं ते मागच्या अक्षरांवरून, ही त्यांची खंत मला पटते.

‘नाक्यावरचे’ ग्रुप असं का म्हणतात? खरंच नाक्यावर गायचे का?

हो, खरंच. नाक्यावर, इमारतीच्या पायऱ्यांवर, गच्चीवर, शाळेच्या संडासात, भुयारी रेल्वेच्या स्टेशनात. विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेकडून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत आली. त्यांना घरं मिळत ती ठराविक वस्त्यांतच. एका खोलीत पाच-सहा माणसं, त्यामुळे पोरांची संध्याकाळ बाहेरच जायची. पियानो किंवा गिटार घेण्याची ऐपत नाही, पण प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी चर्चमध्ये गाणारं. गळा घरातून आला आणि जागा रस्त्याने दिली.

ग्रुप गल्लीचाच असायचा. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत दोन रस्त्यांमधल्या एका पट्ट्यातून तीन-तीन ग्रुप निघत. दुसऱ्या गल्लीचा ग्रुप आला की समोरासमोर गाऊन निकाल लागे. निकाल देणारे म्हणजे खिडक्यांतून डोकावणारे शेजारी आणि पायऱ्यांवर बसलेल्या मुली. ज्याच्याकडे उंच टिपेचा आवाज किंवा खोल खर्ज असेल त्याला दुसऱ्या गल्लीतून पळवून नेण्याचे प्रकारही होत.

जिन्यात आणि संडासात गाण्यामागे काही कारण होतं?

होतं, आणि या संगीताचा सगळा पोत त्यातून आला आहे असं मला वाटतं. जुन्या इमारतीच्या जिन्यात उभं राहून एक लांब ‘ऊ’ काढून पाहा. फरशी, टाइल्स, सिमेंटच्या भिंती, लोखंडी कठडा. आवाज शोषून घेणारं काहीच नाही, त्यामुळे सूर सोडल्यावरही क्षणभर तिथेच तरंगतो. चार जणांचे चार सूर अशा जागेत एकमेकांत मिसळतात आणि चौघांचे आठ झाल्यासारखे वाटतात. बारीकसारीक बेसूरपणाही त्यात झाकला जातो.

पण या घुमण्याची एक अट असते. झटपट शब्द आणि कडक व्यंजनं त्यात चिवडली जातात. टिकतात ते लांब स्वर: ऊ, आ, वा. म्हणून संथ चालीची गाणी आणि स्वर ओढून धरणारी साथ तिथे फुलली. पोरांनी हे शास्त्र म्हणून शिकलेलं नव्हतं. जिथे आपलं गाणं चांगलं वाटतं तिथे ती रोज उभी राहिली, आणि त्या जागेने गाण्याला वळण लावलं. पुढे स्टुडिओत गेल्यावर तोच घुमारा कृत्रिमरीत्या आणायला तंत्रज्ञांना खटपट करावी लागे.

याच्या आधी असं गाणारे कुणी नव्हते?

होते की. ओहायोतल्या पिक्वा गावचे मिल्स ब्रदर्स १९३१ पासून तोंडाने ट्रंपेट आणि ट्यूबा ‘वाजवून’ देशभर गाजले होते. इंक स्पॉट्सचं ‘इफ आय डिडन्ट केअर’ १९३९ मध्ये आलं. वरच्या पट्टीतला बिल केनी आधी गातो, मग हॉपी जोन्स खर्जात तेच शब्द नुसते बोलतो. उंच आणि खोल आवाजांतला हा खेळ डू-वॉपने जसाच्या तसा उचलला. त्याशिवाय चर्चमधली गॉस्पेल चौकडी होतीच, गोल्डन गेट क्वार्टेटसारखी. या लोकांचं गाणं झुळझुळीत सुटाबुटातलं होतं. पोरांनी त्यातला कोट काढला आणि बाह्या वर केल्या.

पहिला डू-वॉप ग्रुप कोणता?

एक नाव घेतलं की भांडण ठरलेलं. पण दोन नावं टाळता येत नाहीत.

रेव्हन्स हा १९४६ मध्ये हार्लेममध्ये जमलेला ग्रुप. त्यांनी केलेली मोठी गोष्ट म्हणजे खर्जातल्या जिमी रिक्सला मुख्य गायक करून पुढे उभं केलं. तोवर खर्जवाला मागे असायचा. १९४७ चं त्यांचं ‘ओल’ मॅन रिव्हर’ ऐकलं की मजला हलल्यासारखा वाटतो.

दुसरे ओरिओल्स, बाल्टिमोरचे, आणि माझ्या मते ‘गल्लीचा ग्रुप’ ही कल्पना त्यांच्यापासून सुरू होते. आधी त्यांचं नाव व्हायब्रानेअर्स होतं. बाल्टिमोरमध्येच डेबोरा चेसलर नावाची एक तरुण ज्यू मुलगी दुकानात काम करत होती आणि फावल्या वेळात गाणी लिहीत होती. तिला हा ग्रुप सापडला, ती त्यांची व्यवस्थापक झाली, आणि १९४८ मध्ये आर्थर गॉडफ्रे यांच्या हौशी कलाकारांच्या कार्यक्रमात त्यांना घेऊन न्यूयॉर्कला गेली. स्पर्धा ते हरले. पण त्याच वर्षी तिने लिहिलेलं ‘इट्स टू सून टू नो’ त्यांनी रेकॉर्ड केलं आणि ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

ते गाणं आज ऐकलं तरी वेगळेपणा कळतो. ओरिओल्सचा मुख्य गायक सनी टिल जवळजवळ कुजबुजत गातो, त्याच्या आवाजात ठामपणा नाही, घाई नाही. मागे फक्त एक गिटार आणि मंद आवाज. ही माझ्यावर खरंच प्रेम करते का, एवढाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही अशा सुरात तो विचारतो. विशीतल्या मुलाने आपली भीती अशी उघडी करणं हे आधीच्या झुळझुळीत चौकड्यांत नव्हतं. बाल्टिमोरपासून शिकागोपर्यंतच्या पोरांना त्यात स्वतःचा आवाज ऐकू आला.

ग्रुपमध्ये कोण काय गातो?

साधारण पाच जागा असतात. मुख्य गायक, पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन आणि बेस. पहिला टेनर सगळ्यात वर, कधी आवाज पातळ करून फॉल्सेटोत. दुसरा टेनर आणि बॅरिटोन मधली भरण करतात. नीट ऐकल्याशिवाय त्यांचा आवाज वेगळा कळत नाही, पण काढून घेतला तर गाणं पोकळ होतं. बेस म्हणजे ढोल, डबल बास आणि कधी विनोदी पात्र, सगळं एकटाच.

आपल्या कानाला हे नवं वाटतं, कारण आपल्याकडे भजनी मंडळात पंधरा जण असले तरी सगळे एकाच सुरावटीवर असतात. इथे एकाच क्षणी चौघे चार वेगळे सूर धरतात आणि तरी ते एकच वाटतात. गोव्यात चर्चमध्ये किंवा मांडो गाताना स्वरांची अशी जोडणी ऐकलेल्यांना हे चटकन उमगेल.

त्या अर्थ नसलेल्या अक्षरांचं काय काम?

पोवाड्यात शाहिराने ओळ टाकली की झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात. त्या ‘जी’चा अर्थ कुणी विचारत नाही, पण तो नसेल तर पोवाडा उभा राहत नाही. तसंच हे. फरक एवढाच की झीलकरी ओळ संपल्यावर येतात, आणि इथे साथ ओळीच्या खालून सतत वाहत असते.

अक्षरं वाद्यांच्या जागी आली. ‘डुम-डुम’ म्हणजे डबल बास, ‘वा-वा’ म्हणजे ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांची फुंकर, लांब ‘ऊ’ म्हणजे व्हायोलिनचा पडदा. प्रत्येक ग्रुप आपली अक्षरं घडवायचा आणि त्यावरून ओळखला जायचा. क्लीव्हलँडच्या मूनग्लोजनी ‘ऊ’ सुरू करताना ओठांतून हवा सोडण्याची लकब काढली, तिला ‘ब्लो हार्मनी’ असं नाव पडलं. फिलाडेल्फियाच्या सिल्हूट्सनी १९५८ मध्ये गाजलेल्या ‘गेट अ जॉब’ या गाण्यात ‘शा ना ना’ची अशी सरबत्ती केली की पुढे एका ग्रुपने तेच नाव घेतलं. गाणं मात्र नोकरी शोधून थकलेल्या, घरच्यांची बोलणी खाणाऱ्या माणसाचं आहे.

सगळी गाणी एकाच चालीची का वाटतात?

कारण त्यांचा पाया बऱ्याचदा एकच असतो. बेसचा आवाज सा, ध, म, प या क्रमाने फिरतो आणि परत सा वर येतो. पेटीवर सफेद पट्टीत वाजवून पाहा, लगेच ओळख पटेल. हा फेरा सोपा असल्याने नवा मुलगा पहिल्याच संध्याकाळी साथीत उभा राहू शकायचा, आणि कागदावर काही लिहायची गरज नव्हती. पाया एक असला की सगळं लक्ष वरच्या नक्षीवर जातं. मुखडा कसा उचलला, बेसने कुठे उडी घेतली, शेवटचा सूर किती वेळ धरला, यावर ग्रुपची किंमत ठरे.

इतके पक्षी कुठून आले?

रेव्हन्स म्हणजे डोमकावळे, ओरिओल्स म्हणजे हळद्यासारखे पक्षी. ओरिओल हा मेरीलँडचा राज्यपक्षी, म्हणून बाल्टिमोरच्या पोरांनी तो घेतला. हे दोघे चालल्यावर क्रोज, लार्क्स, स्वॅलोज, कार्डिनल्स, फ्लेमिंगोज, पेंग्विन्स अशी रांग लागली. पेंग्विन्सनी तर सिगारेटच्या पाकिटावरच्या पेंग्विनवरून नाव घेतलं. मग मोटारींची पाळी आली: कॅडिलॅक्स, एल डोराडोज, इम्पालाज.

रेकॉर्ड कशी निघायची?

मोठ्या कंपन्यांना या वस्त्यांत रस नव्हता. रेकॉर्ड काढल्या त्या छोट्या लोकांनी. एखादा दुकानदार, एखादा हॉटेलातल्या गाण्याच्या मशिनींचा व्यापारी, एखादा मॅम्बो या लॅटिन नाचसंगीताच्या रेकॉर्ड विकणारा. हार्लेममध्ये १२५व्या रस्त्यावर बॉबी रॉबिन्सन यांचं रेकॉर्डचं दुकान होतं, त्यांनी स्वतःचा लेबल काढला. इंडियाना राज्यातल्या गॅरी गावात व्हिव्हियन कार्टर यांचं दुकान होतं. त्यांनी जेम्स ब्रॅकन यांच्यासोबत व्ही-जे कंपनी काढली, आणि तिथल्या रूझवेल्ट हायस्कूलच्या पोरांचा स्पॅनियल्स हा ग्रुप त्यांच्या पहिल्या कलाकारांपैकी एक ठरला. पोरं थेट दुकानात शिरून काउंटरसमोर गायची. आवडलं तर काही दिवसांत रेकॉर्डिंग. १९४९ मध्ये आलेली छोटी, स्वस्त, मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी यांच्या पथ्यावर पडली.

दोन प्रसंग सांगतो.

लॉस एंजेलिसचे पेंग्विन्स १९५४ मध्ये ‘अर्थ एंजल’ गायले ते टेड ब्रिन्सन नावाच्या वादकाच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. ड्रमचा आवाज गळ्यांवर चढू नये म्हणून त्यात उशा कोंबल्या होत्या. शेजारचा कुत्रा भुंकला की रेकॉर्डिंग थांबे, कंपनीचे मालक डूट्सी विल्यम्स बाहेर जाऊन त्याला गप्प करून येत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. गाणं तबकडीच्या दुसऱ्या बाजूला टाकलं होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली आणि गाणं राष्ट्रीय यादीत पहिल्या दहात गेलं.

न्यू हेवनच्या फाइव्ह सॅटिन्सचं ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ १९५६ चं. फ्रेड पॅरिस सैन्यात होता, रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्याला ते सुचलं. रेकॉर्डिंग झालं सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात, कारण सॅक्सोफोन वाजवणारा विनी मॅझेटा त्याच चर्चचा होता आणि जागा त्याने मिळवून दिली. नाव ‘फाइव्ह’ असलं तरी त्या दिवशी गाणारे चौघेच होते. गाणं गाजलं तेव्हा पॅरिस सैन्याच्या नोकरीवर जपानमध्ये होता.

‘कव्हर’ गाण्यांबद्दल एवढा राग का?

कव्हर म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने पुन्हा गाऊन रेकॉर्ड करणं. ‘शबूम’चं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात मॉरिस हायस्कूलच्या परिसरातल्या कॉर्ड्स या ग्रुपने १९५४ मध्ये ते आणलं. हेही तबकडीच्या मागच्या बाजूचं गाणं. रस्त्यावरची बोली, मध्ये सॅक्सोफोनचा धुमाकूळ, आणि एक कृष्णवर्णीय ग्रुप थेट पॉपच्या यादीत पहिल्या दहात. काही आठवड्यांत टोरांटोच्या क्रू-कट्स या गोऱ्या ग्रुपने तेच गाणं मोठ्या कंपनीसाठी गुळगुळीत करून गायलं. ते पहिल्या क्रमांकावर कित्येक आठवडे बसून राहिलं. पुढे याच क्रू-कट्सनी ‘अर्थ एंजल’ही घेतलं, आणि मूनग्लोजचं ‘सिन्सियरली’ मॅग्वायर सिस्टर्स या गोऱ्या बहिणींनी.

दुसऱ्याचं गाणं गाणं यात बेकायदा काहीच नव्हतं. कवी आणि संगीतकाराला त्यातून मानधन मिळे. पण ते गाणं कसं गायचं, मागे कोणती अक्षरं, बेस कुठे येणार, ही जी नाक्यावर महिनोन्महिने घासून काढलेली रचना, तिला कायद्याने काहीच संरक्षण नव्हतं. ती कुणीही उचलावी. वर अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की गीतकाराला पैसे मिळत, गायकाला नाही. आणि अनेक गोरी रेडिओ केंद्रं मूळ रेकॉर्ड लावतच नसत. एवढं समजलं की राग समजतो.

ही पोरं किती लहान होती? फ्रँकी लायमनची गोष्ट काय आहे?

‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ जानेवारी १९५६ मध्ये आलं तेव्हा फ्रँकी लायमन १३ वर्षांचा होता.

न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समधल्या स्टिट ज्युनियर हायस्कूलमध्ये हा ग्रुप जमला. जिमी मर्चंट आणि शर्मन गार्न्स कृष्णवर्णीय, हर्मन सँटियागो आणि जो नेग्रोनी पोर्तो रिकोचे. लायमन सर्वांत शेवटी आला. किराणा दुकानात पिशव्या भरायचं काम करून घराला हातभार लावणारा मुलगा. मुख्य गायक आधी सँटियागो होता. शेजारच्या एका माणसाने या पोरांना आपल्याला आलेली प्रेमपत्रं दिली होती, त्यातून गाण्याची कल्पना निघाली असं ग्रुपमधले लोक सांगत. व्हॅलेंटाइन्स ग्रुपच्या रिचर्ड बॅरेट यांनी त्यांना जॉर्ज गोल्डनर या निर्मात्याकडे नेलं. तिथे लायमनचा आवाज पुढे आला.

त्या गाण्याची सुरुवात गार्न्सच्या बेसने होते. तो एकटाच अडखळत्या अक्षरांची उडी घेतो, बाकीचे त्याला येऊन मिळतात, आणि मग वरून लायमनचा आवाज पडतो. फुटण्याआधीचा, धारदार, तरीही वयापेक्षा खूप काही बघितलेला. अमेरिकेत गाणं पहिल्या दहात गेलं, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर.

पुढचं सांगताना जड जातं. १९५७ मध्ये रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात लायमन एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला. दक्षिणेकडच्या केंद्रांनी गहजब केला आणि थोड्याच दिवसांत कार्यक्रम बंद पडला. त्याला ग्रुपपासून तोडून एकटा गायक केलं, आणि तेवढ्यात त्याचा आवाज फुटला. तोवर तो हेरॉइनच्या आहारी गेला होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये हार्लेममध्ये आजीच्या घराच्या न्हाणीघरात तो मृतावस्थेत सापडला. वय २५.

मुलींचे ग्रुप नव्हते का?

नाक्यावर उशिरापर्यंत उभं राहायची मुभा मुलींना कमी, म्हणून संख्या कमी. पण होते, आणि जोरदार होते. चँटेल्स या ब्राँक्समधल्या सेंट अँथनी ऑफ पडुआ शाळेच्या मुली, चर्चच्या वृंदात लॅटिन स्तोत्रं गाऊन तयार झालेल्या. ‘मेबी’ हे १९५८ मध्ये गाजलेलं त्यांचं गाणं. मुख्य गायिका अर्लीन स्मिथ पहिल्या शब्दापासून ज्या आर्ततेने सुटते ती मला त्या काळच्या कुठल्याही पुरुष गायकात सापडलेली नाही. हार्लेमच्या बॉबेट्स तर अजून लहान. १९५७ चं ‘मिस्टर ली’ त्यांनी आपल्या शिक्षकांवर रागावून रचलं होतं, कंपनीने शब्द बदलायला लावले आणि ते कौतुकाचं गाणं झालं. न्यू जर्सीतल्या पसेक हायस्कूलच्या शिरेल्सना रेकॉर्ड कंपनी मिळाली ती वर्गमैत्रिणीच्या आईची.

फक्त कृष्णवर्णीयच गात होते का?

घडवलं त्यांनी, त्याबद्दल दुमत नको. पण शहरात वस्त्या एकमेकींना चिकटून होत्या आणि रेडिओला भिंती नसतात. पोर्तो रिकोची पोरं अगदी आधीपासून होती. १९५८ च्या सुमारास इटालियन वस्त्यांतून लाट आली. ब्राँक्सच्या बेलमाँट ॲव्हेन्यूवरून डिऑन अँड द बेलमाँट्स, स्टेटन आयलंडवरून एलिगंट्स. काही ग्रुप मिश्रच होते. पिट्सबर्गजवळच्या हवाई दलाच्या तळावर जमलेले डेल-व्हायकिंग्स, ‘कम गो विथ मी’वाले. आणि ‘सिक्स्टीन कँडल्स’वाले क्रेस्ट्स, ज्यांच्यात कृष्णवर्णीय, पोर्तो रिकन आणि इटालियन पोरं एकत्र होती. ज्या काळात दक्षिणेत यांना एका हॉटेलात जेवता आलं नसतं, त्या काळात ही मुलं एका माइकभोवती डोक्याला डोकं लावून उभी होती.

त्यांना पैसे मिळाले का?

बहुतेकांना नाही. करार वाचणारं घरात कुणी नाही, वय कमी, आणि आपलं गाणं रेडिओवर लागणार याचाच आनंद. एकरकमी थोडे पैसे मिळत. स्टुडिओचा, कपड्यांचा, गाडीचा खर्च मानधनातून वळता होई. आणि सगळ्यात मोठा घाव म्हणजे गीतकार म्हणून लागणारं नाव. तबकडीवर निर्मात्याचं किंवा निवेदकाचं नाव घातलं की वर्षानुवर्षांचं उत्पन्न त्याच्याकडे. ‘सिन्सियरली’वर मूनग्लोजच्या हार्वी फुक्वाच्या जोडीला ॲलन फ्रीड यांचं नाव लागलं.

‘व्हाय डू फूल्स’वर आधी लायमनच्या जोडीला गोल्डनरचं नाव होतं, नंतर गोल्डनरच्या जागी मॉरिस लेव्ही हे उद्योजक आले. सँटियागो आणि मर्चंट कोर्टात गेले. १९९२ मध्ये ज्युरीने मान्य केलं की गाणं त्यांचंही आहे. १९९६ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. गाणं त्यांनी लिहिलं नाही असं कोर्ट म्हणालं नाही. दावा मुदतीत केला नाही, एवढंच म्हणालं. शाळेत असताना हिरावलेली गोष्ट त्यांनी तीन वर्षांच्या आत मागायला हवी होती.

मग हे संपलं कसं?

१९६४ मध्ये बीटल्स आले आणि संपलं, असं सर्रास सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. त्याआधीच पोरं सैन्यात गेली, लग्नं झाली, छोट्या कंपन्या बुडाल्या. १९६१ मध्ये पिट्सबर्गच्या मार्सेल्सचं ‘ब्लू मून’ पहिल्या क्रमांकावर गेलं ते जवळजवळ जुन्या आठवणींच्या लाटेवर. न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्याच्या भुयारी स्टेशनात टाइम्स स्क्वेअर रेकॉर्ड्स नावाचं दुकान जुन्या तबकड्यांसाठी तेव्हाच भरून वाहत होतं.

आणि बरंच काही संपलं नाही, पुढे सरकलं. डेट्रॉइटच्या मिरॅकल्सनी १९५८ मध्ये ‘गेट अ जॉब’ला उत्तर म्हणून ‘गॉट अ जॉब’ गायलं, आणि पुढच्या वर्षी सुरू झालेल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा ते कणा झाले. हार्वी फुक्वाने नव्या मूनग्लोजमध्ये एका तरुणाला घेतलं, तो पुढे खूप गाजलेला गायक मार्व्हिन गे.

गायकांचं पुढे काय झालं?

कुणी टपालखात्यात, कुणी बस चालवायला, कुणी परत चर्चमध्ये. कॅडिलॅक्सचा अर्ल कॅरोल मला फार आठवतो. १९५५ च्या ‘स्पीडू’वर झोकात नाचणारा. त्यांची पावलं चॉली ॲटकिन्ससारख्या नावाजलेल्या टॅप नर्तकाने बसवली होती. हा कॅरोल पुढे मॅनहॅटनच्या पी. एस. ८७ या प्राथमिक शाळेत सफाई-देखभालीचं काम अनेक वर्षं करत होता, आणि तिथल्या मुलांना गाऊनही दाखवत होता.

एक सावधगिरी. मूळ एकही माणूस नसताना जुनं नाव लावून कार्यक्रम करणारे ग्रुप बरीच वर्षं फिरत होते. त्याविरुद्ध अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी २००५ नंतर कायदे केले.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

वर आलेली गाणी वर्षांच्या क्रमाने ऐका, बदल आपोआप कळेल. ओरिओल्सनंतर हार्लेमच्या क्रोजचं १९५३ चं ‘जी’ लावा, संथ चाल एकदम नाचरी होते. मग स्पॅनियल्सचं ‘गुडनाइट, स्वीटहार्ट, गुडनाइट’, फक्त जेराल्ड ग्रेगरीच्या बेससाठी. फ्लेमिंगोजचं १९५९ चं ‘आय ओन्ली हॅव आइज फॉर यू’ रात्री, दिवा बंद करून. त्यात घुमारा इतका आहे की आवाज भिंतीपलीकडून येतात असं वाटतं.

‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ मात्र चांगल्या हेडफोनवर ऐका. आवाज जरा धूसर आहे, तळघराचा. मध्ये मॅझेटाचा सॅक्सोफोन सुरू झाला की त्याच्याकडे लक्ष देऊ नका, मागे गाणारे काय म्हणतात ते ऐका. ते म्हणतात, ‘डू-वॉप, डू-वा.’